सरलाबाईंचं आयतं पान

लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला काय हवं, हे विचारायची विश्वेश नेरूरकरांना तशी काही गरज नव्हती. एकोणतीस वर्षं विचारलं नव्हतं आणि कोणाचं काही अडलं नव्हतं. पण मालवणात त्यांच्या घरासमोर राहणाऱ्या गुरुप्रसाद वालावलकराने आपल्या बायकोला पंचविसाव्याला मोत्यांचं कानातलं घेतलं, आणि ते कानातलं रोज सकाळी दूध घ्यायला फाटकापर्यंत येऊ लागलं. मग नेरूरकरांनाही काहीतरी करणं भाग पडलं. एका संध्याकाळी चहाचा घोट घेत त्यांनी मोठ्या दिलदारपणे विचारलं, "बोल गो, यंदा तुका काय व्हया?"

सरलाबाई विळीवर नारळ खवत होत्या. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "माका सोना नको, साडी नको. एक दिस माका आयता पान व्हया."

"म्हणजे?"

"म्हणजे मी बसतलंय, आणि माझ्यासमोर कोणीतरी पान वाढतला. ताजी मासळी, आपलो उकडो तांदूळ, घरात करतत तसा जेवाण. गरम. आणि मी मधीच उठाचा नाय."

"इतक्याच?" नेरूरकर हसले. हे हसणं त्यांना पुढे चांगलंच महागात पडायचं होतं, पण त्या वेळी ते मनापासून हसले. मालवणात दहा पावलं चाललं की 'घरगुती मालवणी जेवण' अशी एक पाटी लागते. पर्यटक लांबून गाड्या काढून जे जेवायला येतात, ते त्यांच्या दाराशी होतं.

फाटकावर रेलून गुरुप्रसाद हे सगळं ऐकत होता. दुसऱ्याच्या घरातलं ऐकायला तो कधी संकोचत नाही, आणि ऐकलेल्यावर सल्ला द्यायलाही नाही. तो म्हणाला, "विश्वेशदादानू, सरलावैनी बसान जेवतली? माका काय खरा वाटणा नाय."

"वाढदिवस येत्या महिन्यात आसा," नेरूरकर उठून उभे राहत म्हणाले. "त्याच्याआधी असा हॉटेल शोधून नाय काढलंय, तर नेरूरकर नाव लावचंय नाय." तालुक्याच्या एका कचेरीत हेडक्लार्क असलेल्या माणसाने असं तोंडी आश्वासन द्यायला नको होतं. पण दिलं, आणि रात्रीपर्यंत ते सगळ्या आळीला ठाऊक झालं.

गुरुप्रसादाच्या शंकेत तथ्य होतं, हे सांगितलं पाहिजे. सरलाबाई प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. चूक दिसली की ती दुरुस्त करायची, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. जेवणाला नाव ठेवणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. त्या सरळ उठायच्या, पदर खोचायच्या आणि स्वयंपाकघरात शिरायच्या. एकदा कुडाळच्या नात्यातल्या लग्नात त्या हात धुवायला म्हणून गेल्या आणि बऱ्याच वेळाने आचाऱ्याच्या आमटीत गूळ घालताना सापडल्या. वर आचाऱ्याला त्यांनी आंघोळ करून यायला पाठवलं होतं. तेव्हा हॉटेल शोधणं हा कामाचा सोपा भाग होता. अवघड भाग होता तो सरलाबाईंना खुर्चीत बसवून ठेवण्याचा.

दुसरी अडचण वारांची. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. शिवाय चतुर्थी, एकादशी. या दिवसांत मासळीचं नावही निघायचं नाही. उरलेल्या दिवशी सरलाबाईंची शाळा. म्हणजे रविवार. नेरूरकरांनी कचेरीच्या शिस्तीने ठरवलं की वाढदिवसाच्या आधीच्या रविवारांना प्रत्यक्ष स्थळपाहणी करायची. सरलाबाईंना बरोबर न्यायचं, जागा पसंत पडली की वाढदिवसाला तीच पक्की.

पहिली पाहणी बाजारपेठेतल्या एका हॉटेलाची झाली. पाटीवर नऊवारीतल्या बाईचं चित्र होतं, हातात परडी आणि परडीत सुरमई. आत पंखे होते, गर्दी होती आणि मसाल्याचा वास होता. नेरूरकरांना फार बरं वाटलं. मग सोलकढी आली. सरलाबाईंनी ती नाकाशी नेली, परत खाली ठेवली आणि आजूबाजूला बघितलं. "ही सोलांची नाय," त्या हळूच म्हणाल्या. "बाटलेतली आसा."

"पियाव नको तर. बस," नेरूरकर म्हणाले.

"मी खंय उठतंय? फक्त इचारून येतंय."

विचारून यायला त्यांना बराच वेळ लागला. नेरूरकर आत डोकावले तेव्हा चित्रातल्या नऊवारीतल्या बाईच्या जागी बनियन घातलेला एक दमलेला तरुण उभा होता. तो समुद्रापासून फार लांबच्या मुलखातून आला होता आणि मासळीला नारळ कशासाठी लागतो हेच त्याला उमगत नव्हतं. सरलाबाई त्याला ओल्या खोबऱ्याचं वाटप शिकवत होत्या, आणि तोही बिचारा "जी मॅडम, जी मॅडम" करत मन लावून शिकत होता. त्या दिवशी हॉटेलातल्या सगळ्या गिऱ्हाइकांनी सरलाबाईंच्या हातचं सार खाल्लं. दोघांनी दुसऱ्यांदा मागितलं. मालकाने नेरूरकरांना बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम सुट्टीच्या दिवशी येतील का?" नेरूरकर रागाने लाल झाले. पण सार मात्र त्यांनीही वाटी पुसून खाल्लं.

"म्हणान सांगतंय," गुरुप्रसाद फाटकावरून म्हणाला, "बाजारात जाव नको. किनाऱ्यार जा. थंय एक नवीन आसा. सगळा ताजा, सगळा इथलाच. निसर्गाक धक्को नाय."

दुसरा रविवार किनाऱ्यावरचा. मुंबईची नोकरी सोडून आलेल्या दीपेश नावाच्या तरुणाने माडांच्या सावलीत ते थाटलं होतं. प्लास्टिक नाही, स्टील नाही, पाणी मडक्यातलं, बसायला होडीच्या फळ्या. दीपेश मोठा गोड मुलगा. त्याने दोघांना बसवलं आणि आज कोणता मासा आहे ते सांगायला सुरुवात केली. बांगडा आहे. सुरमई नाही, कारण या दिवसांत जाळ्यात लहान पिल्लं सापडतात आणि ती धरणं बरोबर नाही. सरलाबाईंनी मान डोलावली. मग बांगडा कोणाच्या होडीतून आला, होडी कुठल्या बंदरातली, जाळ्याचे डोळे केवढे, वारा कुठला होता, हे झालं. तांदूळ कोणाच्या शेतातल्या कुणग्यातला हे झालं. सरलाबाईंनी चांगल्या विद्यार्थिनीसारखे दोन-तीन प्रश्न विचारले, त्यामुळे दीपेशला आणखी चेव आला. बांगड्याचा सगळा पूर्वेतिहास नेरूरकरांना कळला. तो पानात कधी येणार एवढंच कळेना.

शेवटी आला. केळीच्या भल्यामोठ्या पानाच्या मधोमध त्याचा एक तुकडा होता, शेजारी चटणीचे तीन ठिपके, आणि करवंटीत दोन घोट सोलकढी. चव उत्तम होती, हे नेरूरकर आजही मान्य करतात. तिची ओळख होते न होते तोच ती संपली, एवढंच त्यांचं म्हणणं. पण सरलाबाई जागेवरून हलल्या नव्हत्या! सगळं जेवण, म्हणजे जे काही होतं ते, त्यांनी बसून खाल्लं होतं. नेरूरकर गाडी चालवताना गुणगुणू लागले. घरी पोचल्यावर चप्पल काढता काढता सरलाबाई म्हणाल्या, "वाईच पिठी टाकू? पोटात कावळे वरडतत." आणि त्यांनी कुळथाची पिठी आणि भात टाकला. नेरूरकर तीन वाट्या पिठी प्यायले. मग त्यांना आठवलं की हे पाहणीत नापास धरावं लागणार.

तिसरा सल्लाही गुरुप्रसादाचाच होता. तो म्हणाला, हॉटेलात घरगुती मिळणार कुठून, घरातच गेलं पाहिजे. कट्टा गावाच्या बाजूला एका घराच्या ओटीवर चार टेबलं मांडून एक जोडपं खानावळ चालवत होतं. अंगण सारवलेलं, आत पाट्यावर मसाला वाटल्याचा आवाज, परसात अळू. नेरूरकरांनी मनातल्या मनात शेरा मारला: योग्य. तेवढ्यात आतून पदराला हात पुसत घरमालकीण आली, सरलाबाईंना बघून जागच्या जागी थिजली आणि म्हणाली, "बाई!"

ती पूजा निघाली. चौथीत तिसऱ्या बाकावर बसायची. सरलाबाईंना ती नावानिशी आठवत होती, आणि तिला सरलाबाई त्याहून जास्त आठवत होत्या. ती आत पळाली. आतून भांडी पडल्याचा आवाज आला. मग नवऱ्याला उद्देशून दबक्या आवाजात, "बाई इल्यात! माज्या बाई!" नवरा बाहेर येऊन उगाचच हात जोडून गेला. पूजाने घाबरून माशाच्या तिखल्यात मीठ घातलं, घातलं की नाही हे विसरली म्हणून परत घातलं, आणि चाखून बघितल्यावर चुलीपुढे बसून रडू लागली. आता यावर कुठल्या शिक्षिकेने खुर्चीत बसून राहावं? सरलाबाई आत गेल्या. पूजाच्या पाठीवरून हात फिरवला, तिखल्यात कोकमं आणि नारळाचं दूध वाढवून ते ताळ्यावर आणलं आणि जाता जाता भाकऱ्याही थापून दिल्या. वर विचारलं, "पाढे येतत मां अजून?"

परत येताना नेरूरकर गाडी खड्ड्यांतून आपटत नेत होते. सरलाबाईच म्हणाल्या, "ऱ्हवान दे ओ. माझ्या नशिबात नसात. तुमी खटपट केलास, ह्याच माका पावला."

त्या हसत हसत म्हणाल्या खऱ्या, पण नेरूरकरांना ते लागलं. आतापर्यंत त्यांना गुरुप्रसादापुढे नाक राखायचं होतं. त्या संध्याकाळी त्यांच्या लक्षात आलं की या बाईने आयुष्यात एकदाच काहीतरी मागितलं, ते एक ताटभर जेवण होतं, आणि तेही आपल्याला देता येत नाही. त्यांना रात्री जेवण गेलं नाही. सरलाबाईंना वाटलं आमटी बिघडली, म्हणून त्यांनी अंडं तळून दिलं.

आता वाढदिवस आठवड्यावर आला, तोही नेमका रविवारीच. गुरुप्रसादालाही बहुधा त्यांचं तोंड बघवेना. तो या वेळी फाटक उघडून आत आला, आणि आवाज खाली आणून म्हणाला, "दादानू, माडवण्यात राधाबाई म्हणान एक म्हातारी आसा. पाटी नाय, काय नाय. आदल्या दिवशी सांगाचा लागता. तिच्या हातचा जेवल्यार वैनी उठूचीच नाय."

मंगळवारी कचेरी सुटल्यावर नेरूरकर एकटेच स्कूटरवरून माडवण्याला गेले. खाडीकाठचं लहानसं गाव. राधाबाईने त्यांना ओटीवर बसवलं आणि काही न विचारता उकड्या तांदळाची पेज, भाजलेला सुका बांगडा आणि खोबऱ्याची चटणी पुढे ठेवली. पहिल्या घोटाला नेरूरकरांनी डोळे मिटले. इथे सरलाबाईंना उठायचं काही कारणच उरणार नव्हतं.

"रविवारी दोघा येतलोव," ते म्हणाले. "माझो फोन नंबर लिहून घ्या."

"नंबर कित्याक?" राधाबाई म्हणाली. "तुमी येतलास, मी आसतलंय."

इतका साधा करार नेरूरकरांनी सगळ्या नोकरीत बघितला नव्हता. त्यांना तो फार आवडला. खरं तर तिथेच त्यांनी सावध व्हायला हवं होतं.

रविवारी सरलाबाईंनी ठेवणीतली साडी नेसली. नेरूरकरांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला. निघताना गुरुप्रसादाने गाडीच्या खिडकीत डोकं घालून शेवटचा सल्ला दिला: मोठ्या रस्त्याने जाऊ नका, तिथे खोदून ठेवलंय, खाडीच्या बाजूने मागच्या वाटेने गावात शिरा. नेरूरकर तसेच गेले.

गावात शिरल्यावर पहिल्यांदा सरलाबाईंनाच चुकल्यासारखं वाटलं. "एक कुत्रो भुकणा नाय," त्या म्हणाल्या. खरोखरच नव्हता भुंकत. कोंबडी नव्हती, गोठ्यात गुरं नव्हती, दारात माणूस नव्हतं. भर दुपारी सगळ्या घरांना कड्या. राधाबाईच्या अंगणात गाडी उभी करून नेरूरकरांनी हॉर्न वाजवला. मग हाका मारल्या. मग मागच्या दारी जाऊन आणखी मोठ्याने हाका मारल्या. "अगो राधाबाई! ओ राधाबाई!" त्यांचाच आवाज माडांतून परत आला.

"फसयल्यान!" ते ओटीवर मटकन बसले. "तरी मी नंबर देय होतंय! मी आसतलंय म्हणता! खंय आसा?"

सरलाबाई खिडकीतून आत बघत होत्या. "चूल थंड आसा," त्या म्हणाल्या. "पण लाकडा आसत. तांदूळ पण आसतले. मी पटकन काय तरी..."

"नाय!" नेरूरकर असे ओरडले की माडावरचा कावळा उडाला. "आज तू चुलीक हात लावचंस नाय. उपाशी मरांया, पण तू रांधू नको!"

सरलाबाई खिडकीपासून मागे सरल्या. मग त्यांनी एकदा रिकाम्या गोठ्याकडे बघितलं, एकदा शेजारच्या बंद दाराकडे, आणि त्यांचा हात तोंडावर गेला. "ओ, गाव भायर पडलेलो दिसता. गावपळण!"

नेरूरकरांच्या कपाळावर घाम आला. या भागातल्या काही गावांत काही वर्षांनी एकदा गावपळण असते, हे त्यांना माहीत का नव्हतं? ग्रामदेवतेला कौल लावतात, आणि देवाने हो म्हटलं की सगळं गाव, पोराबाळांसकट, गुरांकोंबड्यांसकट, वेशीबाहेर जाऊन झोपड्या बांधून राहतं. तीन दिवस गाव देवाचं. माणसाने आत पाऊल टाकायचं नाही. कौल आपण येऊन गेल्यावरच झाला असणार. राधाबाईने नंबर घेतला नव्हता, आणि देवाच्या गावात, देवाच्या विश्रांतीच्या वेळी, नेरूरकर हॉर्न वाजवून बोंबलत फिरत होते.

"चल, चल, बस," ते म्हणाले, आणि गडबडीत आल्या वाटेने परत जाण्याऐवजी त्यांनी गाडी पुढे घातली.

वेशीबाहेर नदीच्या कडेला सगळं माडवणं वसलेलं होतं. माडाच्या झापांच्या झोपड्या, दगडांच्या चुली, झाडांना बांधलेली गुरं, ढोल, पोरांचा क्रिकेटचा सामना. आणि रिकाम्या गावातून धूळ उडवत एक पांढरी गाडी बाहेर आली. ढोल थांबला. क्रिकेट थांबलं. एक म्हैस तेवढी ओरडली.

मानकरी सत्यवान गावकर पुढे आले. उंच, वयस्क, खांद्यावर टॉवेल. "तुमी खंयसून इलास?"

"गावातसून," सरलाबाई प्रामाणिकपणे म्हणाल्या. नेरूरकरांनी डोळे मिटून घेतले.

मग सभा भरली. नेरूरकरांनी आयुष्यभर सभा बघितल्या होत्या, पण त्यांच्यावरच भरलेली ही पहिली. एकजण म्हणाला, नारळ ठेवून माफी मागू दे. दुसरा म्हणाला, नारळ ठेवायला देवळात जावं लागेल आणि देऊळ गावात आहे. तिसरा म्हणाला, मागे असं कधी झालं होतं का ते बघितलं पाहिजे. चौथा म्हणाला, मागे झालं होतं, पण तो रेडा होता. नेरूरकर उभे राहिले आणि कचेरीतल्या मराठीत म्हणाले, "सदर प्रवेश हा आमच्याकडून अनवधानाने झालेला असून, त्यामागे कोणताही हेतू..."

"सायबांनू," सत्यवान म्हणाले, "देव आमचोच आसा. तेका इतक्या कठीण सांगूची गरज नाय." सगळे हसले. नेरूरकर खाली बसले.

शेवटी सत्यवानांनीच निकाल दिला. "गावपळणीत गावात शिराचा नाय, ह्यो नियम. पण गावातसून भायर पडाचा, ह्योव नियमच. ही दोघा गावातसून भायर पडली. म्हणजे ती गावचीच. आणि गावच्या माणसान देव परत बोलवीसर हंयच ऱ्हवाचा. खंय जावचा नाय."

"अहो, पण उद्या माझी कचेरी..."

"आमची काय हरकत नाय," सरलाबाई म्हणाल्या. इतक्या चटकन त्या लग्नालाही हो म्हणाल्या नव्हत्या.

मागच्या झोपडीच्या सावलीत चटईवर पाय पसरून राधाबाई विड्याचं पान लावत बसली होती. तिने हात केला. "इलास? मी सांगलेलंय मां, मी आसतलंय म्हणान!"

"जेवाण?" नेरूरकरांनी क्षीण आवाजात विचारलं.

"होतला मां. तुमीच करतलास."

माडवण्याची रीत अशी की या तीन दिवसांत घराघरातली चूल विसावा घेते, आणि तिच्याबरोबर ती पेटवणारीही. बापयांनी रांधायचं, वाढायचं, भांडी घासायची. बायकांनी चुलीच्या जवळपासही फिरकायचं नाही. आणि नेरूरकर आता गावचे होते. त्यांच्या हातात कोणीतरी विळी दिली, पुढ्यात नारळांची रास ओतली. जन्मभर नारळ खाल्लेल्या त्या माणसाने नारळ खवायला घेतला, आणि पहिल्याच झटक्यात बोट खवलं.

इकडे सरलाबाईंनी सवयीने पदर खोचला आणि चुलीकडे निघाल्या. राधाबाईने त्यांचं मनगट धरलं. "बस."

"वाईच बघून येतंय. तेंका खोबऱ्याचा येणा नाय."

"नाय येणा. बस."

सरलाबाई बसल्या. पण त्यांना काही चैन पडेना. लांबून दिसत होतं की विश्वेशराव करवंटीसकट खवतायत. दिसत होतं की पाट्यावर वाटप वाटताना ते अर्धं जमिनीवर सांडतायत. सरलाबाईंचे हात मांडीवर आपोआप पुढे-मागे होऊ लागले. त्या दोनदा अर्ध्या उठल्या, आणि दोन्ही वेळा बायकांनी त्यांना पदराला धरून खाली ओढलं. शेवटी राधाबाईने त्यांना फुगडीला उभं केलं. ठेवणीतल्या साडीत सरलाबाई फुगडी घालू लागल्या. पहिली कोणाची तरी थट्टा म्हणून, दुसरी हट्टाने, आणि मग इतक्या हसल्या की त्यांना चूल दिसेनाशी झाली.

चुलीपाशी नेरूरकरांची वेगळीच झटापट चालली होती. नदीतल्या कुर्ल्या साफ करायच्या होत्या, आणि एका कुर्लीने त्यांचा अंगठा असा धरला की सोडायचं नाव काढीना. पांढऱ्या सदऱ्यावर हळदीचे पंजे उमटले. धुराने डोळे सुजले. "सायबांनू, तिरफळा घाला," कोणीतरी म्हणालं. किती, ते सांगितलं नाही. जिभेला झिणझिण्या आणणारी ती मसाल्याची फळं नेरूरकरांनी मूठभर घातली. कोणी त्यांना नावं ठेवली नाहीत. सगळ्यांचीच ही अवस्था होती. गावातले धडधाकट बापये टोपाभोवती उभं राहून, भात शिजला का, यावर मतदान घेत होते.

शेवटी पंगत बसली. बायका सगळ्या एका रांगेत, केळीची पानं पुढ्यात, नदीवरून वारा. नेरूरकर भाताचं भांडं घेऊन वाढत वाढत सरलाबाईंपाशी आले आणि थबकले. बायको खाली बसलेली आहे, आपण उभे आहोत, आणि ती मान वर करून आपल्याकडे बघतेय, असं त्यांनी आजवर कधी पाहिलं नव्हतं. नेहमी ती उभी असायची. उकड्या तांदळाचा वाफाळता भात त्यांनी पानात घातला, वर कुर्ल्यांचं सार ओतलं. थोडं सांडलं.

सरलाबाईंनी घास घेतला. नेरूरकर भांडं धरून तसेच उभे. वाटप जाडंभरडं राहिलंय हे त्यांना माहीत होतं. करवंटीची कुसळंही त्यात असणार. सरलाबाई चावत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तिरफळ जास्त पडला काय?" नेरूरकरांनी घाबरून विचारलं.

"तिरफळच तां," त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या. "आणि वाईच भात वाढा. गरम वाढा."

नेरूरकर चुलीकडे धावत सुटले. त्यांनी त्या दुपारी तीनदा भात आणून दिला, आणि सरलाबाई जागेवरून हलल्या नाहीत. हात धुवायलासुद्धा पाणी नेरूरकरांनीच आणलं.

जेवणानंतर बायका आंब्याच्या सावलीत आडव्या झाल्या. सरलाबाई चटईवर पाय पसरून, डोळ्यांवर पदर घेऊन झोपल्या, भर दुपारी, सगळ्या गावासमोर. नेरूरकरांनी साहेबांना फोन करून दोन दिवसांची रजा मागितली. कारण विचारल्यावर ते म्हणाले, देवाचं काम आहे. मग ते नदीवर बसून राखेने टोप घासू लागले. हळदीचे पंजे उमटलेल्या त्या सदऱ्यात आपण गुरुप्रसादाच्या नजरेला पडलो तर, हा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही.

ऊन उतरलं तसे सत्यवान येऊन शेजारी टेकले. "रातीक काय करूया?"

बापये एकमेकांकडे बघू लागले. कोणी म्हणालं भात, कोणी म्हणालं भातच झाला दुपारी. कोणी भाजीचं नाव काढलं, पण भाजी कुठली ते त्याला सुचेना. "सायबांनू," सत्यवान म्हणाले, "तुमच्या बायकोकच इचारा. मास्तरीण आसत, बरा काय ता सांगतीत."

नेरूरकर हात पुसत आंब्याखाली गेले आणि चटईपाशी वाकले. "अगो सरला, रातीक काय करू?"

सरलाबाईंनी डोळ्यांवरचा पदर काढला नाही. एवढी सैल, एवढी सुखी त्यांची जिवणी नेरूरकरांनी पाहिल्याचं आठवत नव्हतं. "कायव करा," त्या म्हणाल्या, आणि कुशीला वळल्या.

नेरूरकर परत आले. तीस वर्षं, रोज संध्याकाळी, तिने विचारलं की वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता त्यांनीही हेच, 'काहीही कर', एवढं उत्तर दिलं होतं, आणि आपण किती बिनतक्रार नवरा आहोत, असं त्यांना मनापासून वाटत आलं होतं.

"काय म्हणाली?" बापयांनी विचारलं.

"कायव," नेरूरकर म्हणाले.

सगळे बापये चुलीभोवती रिकाम्या टोपाकडे बघत बसले. आंब्याखालून बायकांच्या हसण्याचा आवाज आला, आणि त्यात सरलाबाईंचा सगळ्यांत मोठा होता.